छातीत पोर्ट, तालुक्यात सुई नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत कॅन्सरचा एक जरी पेशंट असेल (आणि आता अशी गल्ली उरलीय कुठे?) तर शेवटपर्यंत वाचा. राजकारणावर लिहिलं की दोनशे कमेंट येतात. आज यावर येऊ द्या.

गेले दोन-अडीच महिने बातमीच्या निमित्ताने तालुक्यातल्या केमो घेतलेल्या काही पेशंटांच्या घरी जाऊन आलो. कुणाचं ऑपरेशन मुंबईला झालेलं, कुणाचं बार्शीला, कुणाचं संभाजीनगरला. गावं वेगळी, जाती वेगळ्या, आजार वेगळे. तक्रार मात्र एकच निघाली: "साहेब, छातीत बसवलेल्या या डबीला हात लावणारं इथं कुणीच नाही."

ही डबी म्हणजे केमो पोर्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

केमोची औषधं जहाल असतात. हाताच्या शिरेतून ती पुन्हा पुन्हा दिली की शिरा काळ्या पडतात, कडक होतात, पुढे सापडतच नाहीत. काही औषधं शिरेबाहेर सांडली तर आतलं मांस जळतं. डॉक्सोरुबिसिन हे त्यातलंच. पेशंट लोक त्याला 'लाल औषध' म्हणतात. म्हणून छोटं ऑपरेशन करून कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत, मोठ्या बटणाएवढी एक डबी बसवतात. टायटॅनियमची किंवा प्लॅस्टिकची, वर सिलिकॉनचा जाड पडदा. तिला जोडलेली बारीक नळी मोठ्या शिरेतून पार हृदयाच्या तोंडापर्यंत जाते. केमोच्या दिवशी कातडीवरून डबीत सुई टोचायची, औषध सोडायचं, काम झालं की सुई काढायची. बाहेर काही लोंबत नाही. जखम भरली की बाई भाकरी थापू शकते, माणूस शेतात जाऊ शकतो.

ही सुई मात्र साधी चालत नाही. ह्युबर सुई लागते. तिचं टोक असं वळवलेलं असतं की ती सिलिकॉनचा तुकडा न काढता आत जाते. साध्या सुईने पडदा कोरला जातो, मग तो गळायला लागतो आणि औषध कातडीखाली सांडतं. ह्युबर सुईची किंमत काही शे रुपये. आपल्या तालुक्यातल्या सहा मेडिकलवर विचारली. पाच ठिकाणी "कसली सुई?" असा प्रतिप्रश्न आला. सहाव्याने "ऑर्डर देतो, चार दिवसांनी या" म्हणून सांगितलं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणार, "पोर्टच बसवू नका, डॉक्टरांचा धंदा आहे." कृपया हे लिहू नका. पोर्ट चांगली वस्तू आहे. 2021 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ब्रिटनमधल्या हजाराहून जास्त कॅन्सर पेशंटांवरचा अभ्यास छापून आला. केमोसाठी वापरायच्या तीन प्रकारच्या नळ्यांची त्यात तुलना होती. छातीतून बाहेर राहणारी हिकमन नळी आणि पोर्ट यांची समोरासमोर तुलना केली, तेव्हा हिकमनवाल्यांपैकी 43 टक्क्यांना काहीतरी गुंतागुंत झाली, पोर्टवाल्यांपैकी 29 टक्क्यांना. म्हणजे पोर्ट उजवाच.

पण तो 29 चा आकडा पुन्हा एकदा वाचा. शिकलेल्या नर्सेस, फोन केला की उत्तर देणारं हॉस्पिटल, आणि तरीसुद्धा शंभरातल्या 29 जणांना काही ना काही झालंच. सगळं जीवघेणं नव्हतं. नळीतून रक्त मागे न येणं हेही त्यात धरलंय. पण जंतुसंसर्ग होता, शिरेत गुठळ्या होत्या. जिथे सगळी व्यवस्था आहे तिथे हे होतं, तर जिथे सुईचं नावही कुणाला माहीत नाही तिथे काय होत असेल?

काय होतं ते सांगतो. नावं लिहीत नाही, गावंही नाही.

एक ताई. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो संपली, पोर्ट छातीतच राहिला. वापरात नसलेला पोर्ट ठरावीक दिवसांनी सलाईन किंवा हेपॅरिनने धुवावा लागतो, त्याला फ्लश करणं म्हणतात. नाहीतर नळीत रक्त गोठून ती बंद पडते. काम दहा-पंधरा मिनिटांचं. त्यासाठी ताई आणि त्यांचे मालक दर महिन्याला मुंबईला जायचे. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण बुडालेल्या तीन दिवसांच्या मजुरीला सवलत कोण देणार? शेवटी त्यांनी गावाजवळच्या एका दवाखान्यात फ्लश करून घ्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या फ्लशनंतर अर्ध्या तासात हुडहुडी भरली. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. 103 ताप. रात्री उतरला. पुढच्या फ्लशला पुन्हा तेच. रक्त तपासलं, विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइड झालाय म्हणून सांगितलं. आठ दिवस सलाईन लावलं. कुठून लावलं? त्याच पोर्टमधून! "शीर शोधायचा त्रास नको" म्हणून. ज्या नळीच्या आत जंतू घर करून बसले होते, त्याच नळीतून रोज बाटली सोडून ते रक्तात ढकलले गेले. शेवटी घरच्यांनी सोलापूरला हलवलं. तिथे पोर्टमधलं आणि हातातलं अशा दोन्ही ठिकाणचं रक्त कल्चरला पाठवलं. दोन्हीकडे एकच जंतू. पोर्ट काढला, तीन आठवडे अँटिबायोटिक चाललं. ताई वाचल्या, म्हणून मला हे सांगू शकल्या.

दुसऱ्या घरात सांगायला पेशंट नव्हता. त्याच्या बायकोने फाइल पुढे ठेवली. आतड्याचा कॅन्सर, केमो सुरू. केमो झाल्यावर आठव्या दिवशी पोर्टच्या जागी लाल झालं, दुखायला लागलं, रात्री ताप भरला. सरकारी दवाखान्यात नेलं. पॅरासिटामॉल दिली आणि "सकाळी ओपीडीत या" म्हणाले. सकाळी ओपीडीत मलेरियाची तपासणी. दुसऱ्या रात्री श्वास लागला. ॲम्ब्युलन्स आली, पण रस्त्यातच संपलं.

केमोनंतर आठवडा-दीड आठवड्याने पांढऱ्या पेशी तळाला जातात. अशा माणसाचा ताप 100.4 च्या वर गेला की त्याला साधा ताप म्हणायचं नसतं. जगभरात त्याला इमर्जन्सी मानतात, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा असं सांगतात. छातीत पोर्ट असेल तर आणखी घाई, कारण नळीचं टोक हृदयाशी आहे. आणि आपण काय सांगतो? सकाळी या.

तिसरा, रिक्षावाला. पोर्टच्या बाजूचा हात सुजला, मान जड झाली. "सुईची सूज आहे, मिठाच्या पाण्याने शेका." दहा दिवस शेकलं. शेवटी लातूरला डॉप्लर सोनोग्राफी केली तर मोठ्या शिरेत गुठळी. रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं, हात वाचला. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस उभ्या उभ्या जातो.

आणि एक गोष्ट बायकांनी सांगितली, ती सुद्धा माझ्या बायकोला सांगितली, मला नाही. पोर्ट छातीवर असतो. ब्लाउज सोडावा लागतो. आपल्याकडे ड्रेसिंगच्या खोलीला पडदा नाही, दाराला कडी नाही, टोचायला ब्रदर, आणि दारात पाच माणसं. एक बाई फ्लशच करत नाहीत. वर्ष झालं. "लाज सोडून जगायचं का?" असा त्यांचा प्रश्न. उत्तर द्यावं आरोग्य खात्याने.

आता जबाबदार कोण? सगळेच. पण 'सगळेच' म्हटलं की कुणीच सापडत नाही, म्हणून एकेकाला धरू.

पहिली, पोर्ट बसवणारी मोठी हॉस्पिटलं. मी बघितलेल्या फायलींपैकी बऱ्याच फायलींवर डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एकच इंग्रजी ओळ छापलेली होती: पोर्ट केअर एक्सप्लेन्ड. कुणाला एक्सप्लेन केलं हो? भूल उतरायची वाट बघत बसलेल्या, बिलाच्या काळजीने अर्धमेल्या झालेल्या शेतकऱ्याला? पाच मिनिटांत? मोबाइल विकत घेतला तरी मराठीतलं माहितीपत्रक मिळतं. माणसाच्या हृदयापर्यंत नळी घालता आणि चार ओळी मराठीत देत नाही! पोर्ट कोणत्या कंपनीचा, किती तारखेला बसवला, कोणत्या शिरेत घातला, सीटीची जोरात सोडायची शाई त्यातून चालते का, फ्लश किती दिवसांनी, आणि रात्री ताप आला तर फोन कुठे करायचा, एवढं एका कार्डावर मावतं. पेशंटचं गाव बघून जवळ कोण फ्लश करू शकतं हे सांगणं ही सुद्धा बसवणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

दुसरं, सरकार. 1 फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय बजेटमध्ये घोषणा झाली: तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे केअर कॅन्सर सेंटर, त्यातली 200 पहिल्याच वर्षी. चांगली घोषणा आहे, मनापासून स्वागत. महात्मा फुले योजनेची मर्यादाही दीड लाखावरून 5 लाखांवर गेली. तेही चांगलंच. पण सेंटर म्हणजे खुर्च्या, एसी आणि कोनशिला नव्हे. पोर्टला सुई कोण लावणार? केमो सिव्हिलला झाली आणि ताप रात्री अकरा वाजता तालुक्यात आला, तर बघणार कोण? योजनेत ऑपरेशनचं पॅकेज आहे, केमोचं पॅकेज आहे. फ्लशसाठी होणाऱ्या हेलपाट्यांचं पॅकेज कुठे आहे?

तिसरे, आपले स्थानिक डॉक्टर. इथे मी सरसकट दोष देणार नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टर म्हणाल्या, "दादा, पंधरा वर्षं नोकरी झाली, ही डबी पहिल्यांदाच बघितली. टोचू का नको, हात थरथरतो." त्या खरं बोलल्या आणि त्यांनी टोचलं नाही, हेच बरोबर केलं. माझा राग आहे तो माहीत नसताना टोचणाऱ्यांवर. रक्त मागे येतंय का न बघता औषध ढकलणाऱ्यांवर. नळी बंद वाटली की दोन मिलीची सिरिंज लावून जोर करणाऱ्यांवर. सिरिंज जेवढी बारीक तेवढा दाब जास्त. म्हणून पोर्टला दहा मिलीच्या खालची सिरिंज लावत नाहीत. त्या दाबाने नळी फुटू शकते, डबीपासून निसटू शकते. कधी कधी ती कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या कात्रीत सापडून झिजून तुटते, आणि तुटलेला तुकडा हृदयात जाऊन बसतो. मग तो जांघेतून तार घालून मोठ्या हॉस्पिटलमध्येच काढावा लागतो. फ्लश करताना अडतंय, छातीत दुखतंय, हे त्याआधीचे इशारे असतात. ओळखायला शिकवलेला माणूस मात्र लागतो.

आणि चौथे, आपले पुढारी. सत्तेतले आणि विरोधातले, दोन्ही. वाढदिवसाला आरोग्य महाशिबिर, बीपी-शुगर तपासणी, चष्मे वाटप, मांडव आणि चौकाचौकात फ्लेक्स. एका फ्लेक्सच्या पैशात ह्युबर सुया किती येतील याचा हिशोब मी मेडिकलवाल्याकडून करून घेतलाय. आकडा लिहीत नाही, तुम्हीच करून बघा. सुईवर फोटो छापता येत नाही, ही खरी अडचण आहे.

"तालुक्यात पोर्टवाले पेशंट असतील किती? मूठभर लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला?" हा प्रश्न मला एका अधिकाऱ्याने तोंडावर विचारला. साहेब, किती आहेत याची यादी तुमच्याकडेच नाही. आशा ताईंच्या रजिस्टरला गरोदर बायका आहेत, टीबीचे पेशंट आहेत, बीपी-शुगरवाले आहेत. छातीत पोर्ट असलेला माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही. आधी मोजायचं नाही आणि मग 'मूठभर' म्हणायचं, ही तुमच्या खात्याची जुनी पद्धत आहे. सर्पदंशाचे पेशंटही रोज येत नाहीत. म्हणून लस ठेवायची बंद करता का?

आणि मी मागतोय तरी काय? कॅन्सर हॉस्पिटल मागत नाही, तज्ज्ञ डॉक्टर मागत नाही. यादी छोटी आहे:

1) ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या प्रत्येकी दोन नर्सेसना पोर्टचं प्रशिक्षण. त्यात एक तरी महिला हवीच, आणि दोघींची बदली एकाच वेळी करू नका. कॅन्सर हॉस्पिटलात काही दिवस पाठवा, शिकून येतील. आपल्या सिस्टर हुशार आहेत.

2) ह्युबर सुया, दहा मिलीच्या सिरिंज, निर्जंतुक हातमोजे, ड्रेसिंग यांचा कायमचा साठा. पैसा रुग्ण कल्याण समितीतून द्या, नाहीतर जिल्हा नियोजन समितीतून. रक्कम एवढी लहान आहे की बैठकीत चहापानाच्या आधी मंजूर होईल.

3) पडदा आणि आतून कडी असलेली एक खोली.

4) इमर्जन्सी विभागाच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात सूचना: "केमोचा पेशंट + ताप = ताबडतोब डॉक्टरला बोलवा, सकाळची वाट बघू नका." कल्चरसाठी रक्त घेऊन पहिलं अँटिबायोटिक इथेच द्या, मग पुढे पाठवा.

5) आशा ताईंच्या रजिस्टरमध्ये पोर्ट असलेल्या पेशंटची नोंद.

6) पोर्टमुळे झालेल्या प्रत्येक गुंतागुंतीची नोंद. वैद्यकीय उपकरणांमुळे होणारे अपाय कळवण्यासाठी 2015 पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. मी विचारलेल्या एकाही डॉक्टरला त्याचा फॉर्म ठाऊक नव्हता.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पेशंट आणि घरच्यांनी एवढं पाठ करा. हा डॉक्टरचा सल्ला नव्हे, डॉक्टरांना विचारून लिहिलेल्या गोष्टी आहेत. तुमच्या डॉक्टरांचं वेगळं सांगणं असेल तर त्यांचं ऐका.

केमो सुरू असताना 100.4 च्या वर ताप किंवा हुडहुडी आली तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा, आणि दारातच सांगा, "केमो चालू आहे, छातीत पोर्ट आहे." हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. फ्लशनंतर तासाभरात थंडी वाजली तर पोर्टमध्येच जंतू असण्याची शंका घ्या, आणि त्या पोर्टमधून सलाईन लावू देऊ नका. पोर्टची जागा लाल झाली, पू आला, कातडी पातळ होऊन डबी दिसायला लागली, किंवा हात, मान, चेहरा सुजला तर थांबू नका. औषध चालू असताना आग झाली किंवा फुगलं तर लगेच ओरडा, औषध थांबवायला लावा. लाजू नका, "थोडं सहन करा" म्हणाले तरी सहन करू नका. साधी सुई टोचू देऊ नका. थर्मामीटर घरात ठेवा, हात लावून ताप बघू नका.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. एक, फ्लश दर महिन्यालाच हवा का? आता बऱ्याच ठिकाणी दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. तुमच्या पोर्टला ते चालत असेल तर वर्षातल्या कितीतरी फेऱ्या वाचतील. मनाने मात्र अंतर वाढवू नका. दोन, हा पोर्ट काढायचा कधी? उपचार संपून वर्षं झाली आणि डबी तशीच आहे, असे दोन जण मला भेटले. त्यांना कुणी काढायचं सांगितलंच नाही आणि यांनी विचारलंच नाही.

सोमवारी सकाळी 11 वाजता या सहा मागण्यांचं निवेदन वैद्यकीय अधीक्षकांना देतोय. प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना आणि आमदारांच्या कार्यालयाला. पक्षाचं उपरणं घालून कुणी येऊ नका. पेशंटना उन्हात उभं करणार नाही, घरच्यांनी या. निवेदनाची पोच इथे टाकेन, आणि तीस दिवसांनी काय झालं तेही इथेच लिहीन. काहीच झालं नाही तर तसंच लिहीन, खुर्चीवरच्या माणसाच्या पदासकट.

तुमच्या ओळखीत पोर्ट असलेला पेशंट असेल तर मला मेसेज करा. नाव बाहेर जाणार नाही. खात्याकडे यादी नसेल तर आपण करू, मग 'मूठभर' किती ते बघू.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तरी तो तापाचा आकडा तेवढा लक्षात ठेवा: 100.4.